पाचवा प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या रत्नागिरीत दोन ठिकाणी गर्दी व्हायची. एक पेढ्यांच्या दुकानात आणि दुसरी खालच्या आळीत दाखलेकाकांच्या पडवीत. पेढ्यांच्या दुकानात गेलेल्याला पेढे मिळत. दाखलेकाकांकडे गेलेल्याला फणस मिळे, आणि तोही खायला नव्हे, फोडायला.

"काका, ह्याला कुठल्या कॉलेजात घालू?" असं विचारत कोणी बाप मुलाला घेऊन आला, की काका आधी बापाला झोपाळ्यावर बसवत आणि गूळपाणी देत. मग मुलापुढे जुने पेपर पसरत, त्यावर अख्खा फणस, कोयता आणि खोबरेलाची वाटी ठेवत आणि म्हणत, "बस. फोड." पुढचा तासभर ते बापाशी आंब्यावरच्या तुडतुड्याबद्दल बोलत. लक्ष मात्र सगळं मुलाच्या हातांकडे. कोणी हाताला तेल न लावताच फणसाला भिडे आणि कोपरापर्यंत चिकाने बरबटे. कोणी पहिले चार गरे तोंडात टाकून मगच कामाला लागे. कोणी गरे एका ताटात, आठळ्या दुसऱ्या ताटात असं मुकाट्याने करत जाई. कोणी दर मिनिटाला बापाच्या तोंडाकडे बघे. आणि एखादाच कोयता हातात घेण्याआधी विचारी, "काका, हा कापा की बरका?" गरे घट्ट की लिबलिबीत, हे आधी माहीत करून घेणाऱ्या त्या पोरावर काकांचा जीव जडे.

फणसाचा हंगाम संपल्यावर कोणी उगवलं तर त्याच्यापुढे भिजवलेले वाल सोलायला येत. पण त्यावर काकांचा तितकासा विश्वास नव्हता. "वालात माणूस कळत नाही हो," ते म्हणायचे. "वाल कोणालाही सोलता येतात."

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त घराच्या वीजबिलावर उरलं होतं. तीस-बत्तीस वर्षं ते इथल्या एका कॉलेजच्या कचेरीत कारकून होते आणि कॉलेज सोडून जाणाऱ्यांचे दाखले लिहिणं हे त्यांचं काम होतं. म्हणून दाखलेकाका. स्वतः मॅट्रिक. ज्या इमारतीत उभा जन्म घालवला तिच्या एकाही वर्गात ते विद्यार्थी म्हणून बसले नव्हते. पण पोरं कुठे जातात आणि त्यातली कुठली वर्षभरात परत येतात, हे त्यांच्या टेबलावरून जितकं दिसलं तितकं प्राचार्यांनाही दिसलं नसेल. "नापास झालेलं पोर मान खाली घालून येतं," ते एकदा मला म्हणाले. "त्याचं काही नाही, पुढच्या वर्षी पास होतं. पण चुकीच्या जागी जाऊन आलेलं पोर मान ताठ ठेवून येतं आणि कोणाकडेच बघत नाही. तसल्या पोराचा दाखला लिहिताना माझा हात चालत नसे."

त्यांना सगळ्यात चीड होती ती 'चांगलं कॉलेज' या शब्दांची. एकदा लांज्याहून एक गृहस्थ आले होते. काजूचा कारखाना होता त्यांचा. बरोबर मुलगा, अंगात नवा कोरा शर्ट. गृहस्थ बसता बसताच म्हणाले, "काका, एखादं चांगलं, लहानसं, शिस्तीचं कॉलेज सांगा बघू." काका म्हणाले, "चांगलं पायताण कुठलं, असं चांभाराला विचाराल का हो तुम्ही? आधी पाय दाखवाल ना?" आणि पाय दाखवायला मुलगा फणसापुढे बसला. त्याने फणस फोडता फोडता पडवीतल्या बाकावर बसलेल्या मला माझं नाव विचारलं, शेजारच्या सुमनवहिनींना कुंपणापलीकडून बोलावून दोन गरे दिले, काकांना झोपाळ्याच्या कड्या कुठे केल्या ते विचारलं आणि अर्धा फणस तसाच ठेवून तो गप्पा मारत बसला. काका बापाला म्हणाले, "ह्याला मोठ्या शहरातलं, हजारो पोरांचं कॉलेज द्या. लहान कॉलेजात हा महिन्याभरात सगळ्यांशी बोलून संपवील. मग उरलेली तीन वर्षं काय करील?" गृहस्थ चांगलेच नाराज झाले. लहान कॉलेजचं नाव ऐकायला ते एवढ्या लांबून आले होते. पण मुलाचा चेहरा जो काही उजळला तो मला अजून आठवतो.

लहान कॉलेजांचे ते भक्त होते असंही नव्हे. "काही लहान कॉलेजं सासरासारखी असतात," ते म्हणत. "सगळ्यांना सगळं माहीत, आणि आपलं कोणीच नाही." म्हणून कुठल्याही कॉलेजचं नाव तोंडातून काढण्याआधी ते स्वतः जाऊन बघून येत. नोकरीत असताना साठलेली रजा घेऊन, निवृत्तीनंतर पेन्शनवर, लाल गाडीने, शबनम पिशवीत पोह्यांचा डबा घालून. कोकण रेल्वे सुरू झाली तरी त्यांनी एस.टी. सोडली नाही. प्राचार्यांना ते कधीच भेटत नसत. आधी सूचनाफलक बघायचे. दिवाळीची सूचना शिमग्यापर्यंत लटकत असली तर ते कॉलेज झोपलेलं. मग ग्रंथालयात जाऊन एखादं जाडजूड पुस्तक मागायचं आणि शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर ते शेवटचं कधी बाहेर गेलं होतं ते बघायचं. मग खाणावळीतली आमटी. आणि शेवटी शिपाई पोरांना हाक कशी मारतो ते. "शिपाई 'ए गुलाबी शर्ट' म्हणाला की उठायचं आणि गाडी धरायची. शिपाई नावाने हाक मारतो तिथे बाकीचं सगळं थोडंफार कमी असलं तरी चालतं."

एवढं करूनही त्यांचं समाधान होत नसे. जाणाऱ्या प्रत्येक पोराकडून ते एक वचन घेत. पहिली सहामाही झाली की पाच प्रश्नांची उत्तरं पत्राने कळवायची. पहिला, तुला नावाने पहिल्यांदा हाक कोणी मारली? दुसरा, जेवायला कोणाशेजारी बसतोस? तिसरा, ग्रंथालयात तुझी म्हणून एखादी खुर्ची झाली का? चौथा, खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? आणि पाचवा, परत कधी येणार?

हे प्रश्न मला पाठ असण्याचं कारण असं, की ती पत्रं मी वाचत असे. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते विषय बदलत. मी दहावी झाले त्या सुट्टीत त्यांच्याकडची कॉलेजांची माहितीपत्रकं चाळायला गेले, ती त्यांच्याकडची वाचकच झाले. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी जायची. पडवीतल्या बाकावर बसून आलेली पत्रं मोठ्याने वाचायची आणि ते सांगतील ती उत्तरं लिहायची. ते डोळे मिटून ऐकत आणि एकेका उत्तराला एकेक बोट मिटत. बुरोंडीची एक मुलगी होती. कोळ्याची लेक, इथे मावशीकडे राहून बारावी झालेली. तिने सुरमई कापावी तसा फणस विळीवर पाच मिनिटांत उभा-आडवा केला होता आणि काकांनी तिला जिथे मास्तरला उलट प्रश्न विचारलेला चालतो अशा कॉलेजात धाडलं होतं. तिचं पत्र आलं, "सरांना उलट विचारलं. चाललं." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग ते करंगळी उघडी ठेवून विचारत, "आणि पाचव्याचं काय लिहिलंन?"

"काही नाही, काका."

"असू दे. गडबडीत असेल पोर."

दर पत्राला हेच. मोजून दोघा-तिघांनी पाचव्याचं उत्तर लिहिलं असेल. मला वाटायचं, कॉलेज बरं की वाईट हे पारखायला बाकीचे चार प्रश्न पुरेसे आहेत, मग हा पाचवा कशाला? एकदा तसं विचारलंही. काका म्हणाले, "तो पण पारखायलाच गो. ज्याला जागा लागू पडते तो यायची तारीख लिहीत नाही." आणि झोपाळ्याला पायाने हलकासा रेटा दिला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला एवढ्यात समाधान वाटतं. आपलं काम जितकं बिनचूक, तितकी आपली पडवी रिकामी, असा व्यवहार हा माणूस समजून उमजून करत होता, हे कळायला मला फार वर्षं लागली.

काकांना मूलबाळ नव्हतं. काकू मी जाऊ लागायच्या आधीच गेल्या होत्या. एक बहीण होती, माई, ती अंजनवेलला दिली होती आणि गणपतीला येई. निकालाचे पंधरा दिवस सोडले तर त्या घरात आवाज म्हणून झोपाळ्याच्या कड्यांचा. जुलैत गर्दी ओसरली की झाडावरचा चुकार फणस काका स्वतःच काढून फोडत. मी गेले तर मला वाटी भरून देत, सुमनवहिनींकडे अर्धा जाई, आणि तरी ताट भरलेलंच राही. "एकट्याने फणस खाऊ नये माणसाने," ते म्हणाले होते, "संपतच नाही मेला." हे त्यांनी हसत सांगितलं, म्हणून मीही हसले.

अठ्ठ्याण्णव साली मी बारावी झाले. गुण बरे पडले होते. आमचे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या डोक्यात डी.एड. पक्कं होतं. इथल्या इथे दोन वर्षं, मग नोकरी, मग लग्न. त्यांचंही चुकत नव्हतं. आजूबाजूला सगळ्यांच्या मुली तेच करत होत्या. मला मात्र घाटावरचं एक कॉलेज हवं होतं. एका लहान गावातलं, फक्त कला शाखेचं, सगळी मिळून दोनशे मुलं. तिथे इतिहास घेऊन तर्कशास्त्र शिकता येई आणि भाषेच्या तासाला वर्गात दहा-बारा जण असत. त्याचं माहितीपत्रक मी काकांकडे इतक्या वेळा वाचलं होतं की त्याच्या पिना सुटल्या होत्या. मी गर्दीत गप्प होणारी मुलगी. वर्गात साठजण असले की मला उत्तर येत असूनही हात वर होत नसे. हे माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं. घरात आठवडाभर धुसफूस झाल्यावर बाबा म्हणाले, "चल. दाखलेकाका म्हणतील ते. त्यांचा शब्द मी मोडणार नाही." मी मनातून उड्याच मारल्या. निकाल माझ्या खिशात आहे, अशीच माझी समजूत होती.

काकांनी बाबांना झोपाळ्यावर बसवलं आणि माझ्यापुढे फणस ठेवला. मी म्हटलं, "काका, माझा फणस तुम्ही शंभरदा बघितलाय."

"रीत आहे ती. बस, फोड."

मी फोडला. त्या दिवशी एक गोष्ट मला विचित्र वाटली. काका माझ्या हातांकडे बघतच नव्हते. अंगणातल्या माडाकडे तोंड करून बाबांशी बोलत होते, आणि आंब्याबद्दलही धड बोलत नव्हते. मी गरे ताटात लावून हात पुसले. काका म्हणाले, "मास्तर, मुलगी इथेच ठेवा. डी.एड. उत्तम. लांब पाठवण्यासारखी नाही ती, गांगरेल."

बाबा मोकळं हसले. मी ताट उचलून आत ठेवलं आणि तशीच मागल्या दाराने घरी गेले. पुढचे चार दिवस मी खालच्या आळीत पाऊल टाकलं नाही. बाबांचा मला राग नव्हता. राग होता तो काकांचा, आणि रागापेक्षा शंका मोठी होती. ज्या माणसाचं एकाही पोराबाबत चुकलं नाही, त्याने मला लांब पाठवण्यासारखी नाही म्हटलं, म्हणजे मी तशीच असणार.

पाचव्या दिवशी सकाळी पावसातून छत्री सावरत काका आमच्या दारात उभे राहिले. ते कधीच कोणाच्या घरी जात नसत. लोक त्यांच्याकडे येत. डोळ्यांनी नीट दिसत नसल्यामुळे पायरी चाचपत ते वर आले. आईने पुढे केलेल्या खुर्चीवर बसले नाहीत. छत्रीचं पाणी आमच्या ओटीवर गळत होतं आणि ते उभ्या उभ्याच बोलले.

"मास्तर, त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. हिला घाटावरचं ते कॉलेजच. तिथे ही बोलेल. इथे राहिली तर ही जन्मभर गप्प बसेल आणि तुम्हाला वाटेल, पोरगी शहाणी आहे."

बाबा काहीतरी म्हणणार होते, पण काका थांबले नाहीत. "मी तसं का सांगितलं, तेही सांगून टाकतो. ही गेली तर माझ्याकडे पत्रं वाचायला माणूस नाही. संध्याकाळी दार वाजलं की हीच असते. हिच्या हातांकडे बघितलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं, म्हणून माडाकडे बघत बोललो."

त्यांनी शबनममधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. त्या कॉलेजचा प्रवेशअर्ज होता. काकांनी तो स्वतः भरला होता. बत्तीस वर्षं ज्या हाताने मोत्यासारखे दाखले लिहिले त्या हाताची अक्षरं चौकटींच्या बाहेर सांडली होती, माझं नाव दोन ओळींत चढउतार करत गेलं होतं. "सही तेवढी हवी तुमची. परवा शेवटची तारीख आहे. उद्या सकाळच्या कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरला मी सांगून ठेवलंय, तो उतरवून पोचता करील."

बाबांनी सही केली. काका गेल्यावर आईने विचारलं, एवढा ठरवलेला बेत एका मिनिटात कसा बदललात? बाबा म्हणाले, "खोटं बोललो हे सांगायला जो माणूस अशा पावसात येतो, तो आता खरंच बोलत असणार." आणि त्या विषयावर आमच्या घरात पुन्हा कधी वाद झाला नाही.

निघताना काका स्टँडवर आले होते. फणसपोळ्यांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "प्रश्न तुला लिहून द्यायला नकोत." मी म्हटलं, "नकोत." गाडी सुटली तेव्हा ते भलत्याच खिडकीकडे बघून हात हलवत होते. मी हाक मारली, पण गाडीच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली नाही.

कॉलेज मला मापाच्या पायताणासारखं बसलं. तिसऱ्या दिवशी शिपायाने मला नावाने हाक मारली. महिन्याभराने एका तासाला मी हात वर केला आणि सरांचं म्हणणं पटत नसल्याचं त्यांना सांगितलं. माझा आवाज ऐकून मीच दचकले. पहिल्या सहामाहीनंतर मी काकांना आठ पानी पत्र लिहिलं, चार प्रश्नांची भरभरून उत्तरं दिली आणि पाचव्यापुढे लिहिलं, "दिवाळीला येते." आणि गेलेही. त्या दिवाळीत मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसून साठलेली पत्रं वाचून काढली. "पोस्टमन वाचून दाखवतो," काका म्हणाले, "पण तो फार भराभर वाचतो."

पुढच्या दिवाळीला कॉलेजचं शिबिर होतं. त्याच्या पुढच्या वर्षी परीक्षा होती. मग एम.ए.ला दुसऱ्या शहरात, मग परत त्याच कॉलेजात शिकवायला. माझ्या पत्रांची आधी चार पानं झाली, मग अंतर्देशीय, मग दिवाळीचं भेटकार्ड. दरम्यान माईंनी धाकदपटशा करून त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली असं बाबांच्या पत्रातून कळलं, आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. आता ते स्वतः वाचू शकतात, म्हणजे माझी गरज नाही, असा सोयीचा हिशेब मी मांडला. वाचायला डोळे मिळाले, पण वाचायला पत्र कुठून येणार, हा साधा प्रश्न तर्कशास्त्र शिकलेल्या बाईला पडला नाही.

काका गेले त्याच्या आदल्या मे महिन्यातली गोष्ट. दोन दिवसांसाठी घरी आले होते. साडेपाचच्या गाडीचं रिझर्वेशन पर्समध्ये होतं. बाबा म्हणाले, "जाताना काकांना भेटून जा. पण मनाची तयारी ठेव."

दार माईंनी उघडलं. यजमान गेल्यावर त्या कायमच्या भावाकडे आल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि हळूच सांगितलं, "तो ओळखायचा नाही हो तुला. मला सुद्धा कधी कधी आई म्हणतो. वाईट नको वाटून घेऊ."

काका झोपाळ्यावरच होते. अंग पार आटलं होतं. जाड भिंगांचा चष्मा होता. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या मागे बघितलं, बरोबर कोणी आहे का ते.

"वडील नाही आले?"

"नाही काका. एकटीच आले."

"बारावी झाली?"

मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची प्राध्यापिका. म्हटलं, "झाली."

"मग बस. फोड."

माई मला खुणेने नको नको म्हणत होत्या, पण त्यांनीच शेवटी फणस आणून दिला. मी पेपर पसरले. आठ-नऊ वर्षांत मी फणसाला हात लावला नव्हता. गरे तिकडे बाजारात सोललेले मिळायचे, तेही मी घेत नसे. हाताला तेल लावायचं मी विसरले आणि बोटं चिकाने एकमेकांना चिकटली. मग उठून तेल लावलं. काका आता माडाकडे बघत नव्हते. एकटक माझ्या हातांकडे बघत होते. पहिल्यांदाच माझी परीक्षा रीतसर होत होती. गरे ताटात लावून झाले.

"तुला घाटावरचं एक कॉलेज आहे," ते म्हणाले. "लहान आहे. तिथे जा, डोळे मिटून जा. तू चार माणसांत बोलणारी आहेस, चारशेंत नव्हे."

"बरं काका."

"आमच्याकडची एक मुलगी आहे तिथे. तिला भेट, ती सगळं सांगेल तुला. तिला मी आधी चुकीचं सांगितलं होतं. मग घरी जाऊन सुधारून आलो." ते थोडा वेळ आठवत राहिले. "नाव तोंडात येत नाही बघ. पत्रं वाचायला यायची."

मला बोलता येईना. चार माणसांत बोलणारी मी, तिथे तिघंच होतो.

"आणि तिथे गेलीस की पत्र पाठव," काका म्हणाले. "पाच प्रश्न आहेत." आणि बाकी सगळं विसरलेल्या त्या माणसाने पाचही प्रश्न ओळीने, एकही शब्द न चुकता म्हटले.

मी माईंकडे कागद मागितला. पूर्वीच्याच बाकावर बसून, चिकट हातांनी, मी ते पत्र लिहिलं. नावाने पहिली हाक शिपायाने मारली. जेवायला मी आता मुलींच्या टेबलावर बसते आणि त्या मला उठवत नाहीत. ग्रंथालयात खिडकीजवळची खुर्ची माझी आहे, तिचा एक पाय आखूड आहे. माझ्या खोलीतून उसाचं शेत दिसतं आणि ऊस तुटला की नदी दिसते. पाचव्या प्रश्नापाशी पेन थांबलं. दिवाळीला येते, असं लिहिणं सहज शक्य होतं. पुढच्या महिन्यात येते, असंही. पण स्वतःचं खोटं कबूल करायला पावसातून चालत आलेल्या त्या माणसाला खोटं लिहायचं माझ्याने होईना. मी कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"कोणाचं गो?" त्यांनी विचारलं.

"त्या मुलीचं, काका. घाटावरचं."

काकांनी चष्मा सारखा केला. कागद उजेडाकडे धरून ते वाचू लागले, सावकाश, ओठ हलवत. हाक. अंगठा मिटला. जेवण. मग खुर्ची. उसाचं शेत आणि नदी त्यांनी दोनदा वाचली. चार बोटं मिटली. करंगळी तशीच राहिली. त्यांनी कागद उलटून पाठीमागे काही आहे का ते बघितलं, पुन्हा सुलट केला आणि नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग माझा चेहरा बघून, माझी समजूत घालावी तशा आवाजात मला म्हणाले,

"असू दे. गडबडीत असेल पोर."